पायातलं कडं

मामाच्या कॅमेऱ्यात अजून सिन्नरची नवरी आहे,
मुंडावळ्या सावरणारी,
आणि तिच्या पुढच्याच फोटोत
शेवाळी पाण्यात लाल पायांवर उभा शेकाट्या.
कार्ड पुसायचं राहून जातं दर वेळी.

नाशिकरोडहून निघालो तेव्हा साडेचार.
तन्झिलाच्या अब्बूंची स्कूटर,
हँडलवर ताठलेली तिची बोटं.
निफाडच्या अलीकडे बागांतून धूर;
द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून
माणसं रात्रभर शेकोट्या राखत बसलेली.
एका शेकोटीशी थांबलो.
"कुठं निघाल्या पोरींनो, एवढ्या पहाटं?"
"पक्षी बघायला."
त्या आजोबांनी जरा विचार केला
आणि आणखी एक ओंडका टाकला.

नांदूरला मनोऱ्याखाली भिवसन काका,
कानटोपी, गळ्यात दुर्बीण,
एका भिंगाला चिकटपट्टी.
थापट्या दाखवताना म्हणतात,
"चोच बघ, गवंड्याची थापी."
कॉलेजातल्या प्रॅक्टिकलला
लॅटिन नाव लिहिताना मला थापीच दिसते,
आणि स्पेलिंग चुकतं.

मग ते दिसले.
पल्याडच्या गाळात, गव्हाच्या पोपटी पात्यांशी
सतरा पट्टकादंब.
हिमालयावरून आलेले,
आणि इथं आमच्या कोंबड्यांसारखे खाली मान घालून चरणारे.
डोक्यामागे दोन काळ्या रेघा,
कुणी वहीला समास आखावा तशा.

एकाच्या डाव्या पायात कडं होतं.
हिरवं. त्यावर पांढरी अक्षरं.

पहिलं पी. किंवा आर.
दुसरं चिखलात.

मी फोटो काढत राहिले, अठ्ठावीस, तीस, चाळीस,
सगळ्यांत ऊन पाण्यावरून उसळलेलं
आणि कडं म्हणजे नुसता हिरवा डाग.
कुठल्याशा गार तळ्याकाठी
कुणीतरी हा पाय हातात धरला असेल,
हळू, पिसांना ऊब लागेल इतकं हळू,
आणि त्यांच्या रजिस्टरात या नंबरापुढे
पुढची ओळ कोरी असेल.
ती मला भरायची होती.
खरं सांगायचं तर माझं नावही तिथं यायला हवं होतं.

वीस पावलं पुरली असती.
मी एक पाय गाळात टाकला.

सतरा माना एकदम वर.

काकांनी आवाज चढवला नाही,
माझ्या सॅकचा पट्टा धरला फक्त.
"तुला फोटु भेटंल," म्हणाले,
"त्याची न्याहारी मोडंल."

पाय मागे घेतला. बूट तिथंच राहिला.
तन्झिला इतकी हसली
की तोंडावर रुमाल दाबून खाली बसली,
आणि पट्टकादंबांनी, देव त्यांचं भलं करो,
माना पुन्हा खाली घातल्या.

परतताना काठची जलपर्णी ओढत होतो,
तिच्यात अडकलेली एक पिशवी आली.
कुजलेली झेंडूची फुलं, कापूर, नारळाची शेंडी.
पिशवीवर छापलेलं दुकान
आमच्याच गल्लीतलं.
गौरी-गणपतीनंतर आईनं हातात दिलेली अशीच एक
दसकच्या पुलावरून मी
सायकल न थांबवता टाकली होती.
तेव्हा वाटलेलं, गेली.
नदी कुठे जाते हे तेव्हा भूगोलात होतं.

वहीत लिहिलं:
पट्टकादंब, १७. एकाच्या डाव्या पायात हिरवं कडं.
अक्षरं वाचता आली नाहीत.
काकांनी खाली सही केली,
मोठी, वळणदार, तारखेवर चढणारी.

तन्झिला अजून म्हणते पी. मी म्हणते आर.
आई कॅमेऱ्यात डोकावून म्हणाली,
"यात पक्षी कुठाय?"
मी बोट ठेवलं.
तिनं चष्मा आणला, पुन्हा बघितलं,
बटण चुकून दाबलं गेलं
आणि सिन्नरची नवरी आली.
"ही छान आहे," म्हणाली.

पुढच्या रविवारी ते यायच्या आधीच
बांधामागे जाऊन बसायचं, हलायचं नाही.
गजर तीनचा.
बूट अजून वाळलेला नाही.